सोलापुरात सायकल: चालणाऱ्याला न दचकवता, गाडीवाल्याला न अडवता कसं जायचं

सायकल घेताना गिअर किती, टायर केवढं जाड, यावर दुकानात तासभर चर्चा होते. ती रस्त्यावर आणल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी चुकतात: वळून झाल्यावर हात दाखवायचा, माणसाच्या पाठीला टेकल्यावर घंटी वाजवायची, आणि थांबलेल्या एसटीच्या डावीकडून निसटायचं. तिन्ही ठिकाणी चूक एकाच जातीची आहे. कामं सगळी केलेली असतात, क्रम उलटा असतो.

मी जुळे सोलापूरहून नवी पेठेत रोज सायकलने येतो-जातो. रस्त्यावरचं सौजन्य म्हणजे गोड बोलणं, हसणं, मान डोलावणं असं बऱ्याच जणांना वाटतं. तेही असावं. पण पुढच्या तीन-चार सेकंदांत तुम्ही काय करणार हे दुसऱ्याला आधी कळलं, की त्याची निम्मी चिडचिड तिथंच संपते. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात एकच क्रम पुन्हापुन्हा येईल: आधी बघा, मग सांगा, परत बघा, मग हला.

## टप्पा १: निघण्याआधी, दारातच

ब्रेक. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाला असतो. तुमचा कसा आहे ते चाक उचलून, हाताने फिरवून, एकेक ब्रेक दाबून एकदा बघून घ्या. केबल बदलताना उलटी जोडून दिलेली सायकल मी स्वतः चालवलीय. हे माहीत असायला हवं, कारण उजवीकडे वळायचा हात दाखवताना उजवा हात हँडलवरून सुटतो, म्हणजे पुढचा ब्रेक त्या वेळी तुमच्याकडे नसतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर सायकल थांबायला बरंच जास्त अंतर घेते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडी मुठीला टेकत असेल तर त्या दिवशी सायकल बाहेर काढू नका.

घंटी. ती अशा जागी हवी की मूठ न सोडता अंगठा पोचला पाहिजे. हँडलच्या मधोमध शोभेला लावलेली घंटी ऐन वेळी उपयोगाची नसते. मोबाइलच्या स्पीकरवर किंवा बॅटरीच्या भोंग्यावर भरवसा ठेवू नका. भोंगा ऐकला की माणूस मोटरसायकल आली असं समजून उडी मारतो.

दिवे. पुढे पांढरा, मागे लाल. पुढचा दिवा भिंतीसमोर धरून बघा आणि उजेड माणसाच्या कमरेखाली पडेल असा वाकवा. हल्लीचे लुकलुकणारे एलईडी थेट डोळ्यांत जातात. समोरून पायी येणाऱ्याला मग ना तुम्ही दिसता, ना पायाखालचा खड्डा.

सामान. हँडलला पिशवी लटकवू नका. वळताना ती झुलते, कधी तारांत अडकते, आणि हात सोडून इशारा करायची वेळ आली की हँडल एका बाजूला ओढलं जातं. डबा, भाजी, दूध, सगळं कॅरेअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा.

> तपासणी: रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर दोन गोष्टी करून बघा. एक, उजवा हात सरळ बाहेर धरून ३ सेकंद सायकल सरळ जाते का. दोन, उजव्या खांद्यावरून मागं बघताना सायकल आपोआप उजवीकडे सरकते का. नव्वद टक्के लोकांची सरकते, माझी अजूनही कधीतरी सरकते. डावा हात जरा घट्ट धरून फक्त हनुवटी खांद्याकडे न्यायची, कंबर वळवायची नाही. हे जमेपर्यंत मोठ्या रस्त्यावर जायची घाई करू नका.

## टप्पा २: रस्त्यात आपली जागा ठरवणं

सायकल डावीकडून चालवायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण किती डावीकडून? गटाराला चिकटून चालवणं ही भिडस्तपणाची चूक आहे. कडेला वाळू असते, चेंबरची झाकणं खाली-वर असतात, डांबराचा काठ तुटलेला असतो. ते चुकवायला तुम्ही दर वीस पावलांनी उजवीकडे झोका घेता आणि मागच्या गाडीवाल्याला तुमचा अंदाजच येत नाही. कडेपासून पाऊण ते एक मीटर आत, एका रेषेत चाला. गाडीवाला आरामात मागं येतो आणि जागा मिळाली की पुढे जातो.

उभ्या मोटारींच्या शेजारून जाताना दार उघडलं तरी लागणार नाही एवढी, म्हणजे किमान एक मीटर जागा सोडा. मोटारीत चालकाच्या जागी डोकं दिसलं की दार उघडणारच असं समजा. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरून परत बाहेर येणं टाळा. तुम्हाला वाटतं आपण मागच्याला वाट दिली. मागच्याला वाटतं सायकल गेली. आणि मग तुम्ही त्याच्या बंपरसमोर उगवता.

अरुंद रस्त्यावर मागं तीन-चार गाड्या साठल्या तर मात्र हट्ट करू नका. पुढे रुंद जागा दिसली की डाव्या बाजूला व्हा, हाताने ‘जा’ म्हणा. दहा सेकंदांचं काम आहे.

बाळीवेस, शुक्रवार पेठेतल्या बोळांचं गणित वेगळं. तिथं घराचा उंबरा थेट रस्त्यावर येतो. बाई बादली घेऊन बाहेर येते, पोरगं बॉलमागं धावतं. तिथं भिंतीला लागून चालवू नका. मधून जा, चालायच्या वेगाने जा, आणि कुणी रांगोळी काढत असेल तर उतरा. रांगोळीवरून चाक नेणाऱ्याला त्या बोळात पुन्हा तोंड दाखवणं अवघड जातं!

फुटपाथवर सायकल चालवायची नाही. तिथून जायचंच असेल तर उतरून ढकलत न्या. ढकलताना सायकल रस्त्याच्या बाजूला आणि तुम्ही आत, म्हणजे हँडल समोरच्या माणसाला लागत नाही.

> इशारा: ‘एवढीच शंभर पावलं’. उलट्या बाजूने सायकल घालणं ही आपल्या गावातली सगळ्यात लाडकी चूक. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा मोटरसायकलवाला फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडूनच यायला हव्यात. तुम्ही त्याच्या डावीकडून येता. त्याचा दोष शून्य. सायकलला लायसन्स लागत नाही, नंबर प्लेट नसते, पण एकेरी वाहतूक आणि सिग्नल तिलाही आहेत. शंभर पावलंच असतील तर ढकलत न्या.

## टप्पा ३: चालणाऱ्याच्या मागून पुढे जाणं

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून इथं जरा रेंगाळणार आहे.

सकाळी साडेसहाची वेळ. तलावाकाठी फिरायला आलेली माणसं, हातात काठी, कानात वायर, तिघी-चौघी बायका गप्पा मारत आडव्या ओळीत. एकदा एका आजोबांच्या मागून मी चाललो होतो. उजव्या हातात दुधाच्या दोन पिशव्या. मी अगदी जवळ, चार-पाच हातांवर गेल्यावर घंटी वाजवली आणि वर सौजन्य म्हणून ओरडलो, “काका, उजवीकडून येतोय!” आजोबांनी फक्त ‘उजवीकडून’ ऐकलं, आणि ते उजवीकडे सरकले. मी ब्रेक मारला, चाक त्यांच्या पिशवीला घासलं, दूध रस्त्यावर. ते पडले नाहीत, एवढं नशीब. दुधाकडे बघत म्हणाले, “आरं पोरा, घंटी लांबून वाजवावी की. कानाशी येऊन काय वाजवतोस?”

त्या एका वाक्यात अर्धा धडा आहे. उरलेला अर्धा माझ्या ओरडण्यात होता. ‘उजवीकडून’, ‘डावीकडून’ असं काही ओरडायचंच नाही. घाबरलेला माणूस ज्या बाजूचं नाव ऐकतो त्याच बाजूला सरकतो.

आता क्रम.

पहिलं: आधी वेग कमी. माणूस दिसला की पायडल मारणं थांबवा. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. ब्रेककडे हात जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही साडेपाच ते आठ मीटर पुढे गेलेले असता.

दुसरं: १५ मीटरवरून घंटी. १५ मीटर म्हणजे एका एसटीच्या लांबीपेक्षा थोडं जास्त. एकदाच, हलकी, ‘ट्रिंग’. सारखी वाजवत राहिलात तर तो हुकूम वाटतो. चालणारा त्याच दिशेने ताशी ४-५ किलोमीटरने जात असेल आणि तुम्ही २० ने, तर घंटी आणि गाठ पडणं यात त्याला चार सेकंदही मिळत नाहीत. वयस्कर माणसाला त्यातले दोन नुसते ‘हे काय वाजलं’ यात जातात. म्हणून वेग आधी, घंटी नंतर.

तिसरं: वाट बघा. घंटी वाजली की माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. बाजूला होतो, मागं वळून बघतो, किंवा काहीच करत नाही. मागं वळून बघणारा ज्या खांद्यावरून वळतो, तिकडेच अर्धं पाऊल सरकतो. म्हणून तो वळत असताना पुढे घुसू नका. परत सरळ चालायला लागला की जा.

चौथं: बोलायचं तर असं बोला. “काका, चाला तसंच, मी जातो बाजूनं.” यात बाजूचं नाव नाही, आणि त्यांना काही करावंही लागत नाही. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं चालतं. काका, मावशी, अण्णा, अक्का, चाचा, यातलं जे तोंडात येईल ते म्हणा. ‘ए’ आणि ‘ओ बाजूला’ एवढं टाळा.

पाचवं: रस्त्याच्या बाजूने जा. माणूस आणि भिंत, माणूस आणि गटार, माणूस आणि तलावाचा कठडा, यांच्यामधून कधीही जायचं नाही. बिचकलेला माणूस काठाकडेच पळतो. मोकळ्या बाजूने, हातभरापेक्षा जास्त, जमलं तर मीटरभर अंतर ठेवून जा. त्याआधी उजव्या खांद्यावरून एक नजर मागं. माणूस वाचवायच्या नादात मोटारीसमोर जाऊ नका.

सहावं: पुढे गेल्यावर लगेच आडवं घेऊ नका. पाच-सात मीटर पुढे जाऊन मग आपल्या रेषेत या.

दुसऱ्या घंटीलाही हालचाल झाली नाही, तर त्याला ऐकू आलेलं नाही असंच धरा. कानात वायर असेल, कमी ऐकू येत असेल. चिडून तिसऱ्यांदा जोरात वाजवण्यात अर्थ नाही. चालीच्या वेगाने, लांबून जा. जागा नसेल तर एक पाय टेका.

> तपासणी: तुम्ही पुढे गेल्यावर त्या माणसाची चाल तुटली का? तो थबकला, हात छातीशी गेला, मागचा पुढच्याला काही बोलला, तर तुम्ही वेगात किंवा फार जवळून गेलात. लाज वाटून घेऊ नका, पुढच्या माणसाला दुरुस्ती करा.

लहान मूल, कुत्रा आणि झोपाळलेली गाय यांना घंटी समजत नाही. मूल आईच्या एका बाजूला आणि बॉल दुसऱ्या बाजूला दिसला तर सरळ थांबा. साखळीतलं कुत्रं मालकापासून लांब असेल तर मधली साखळी दिसत नाही, ती तुमच्या पुढच्या चाकासाठीच ताणलेली असते.

फिरण्याच्या वाटेवर सायकलला बंदीची पाटी असेल तर विषय संपला, उतरा.

## टप्पा ४: आडवं येणारं माणूस

रस्ता ओलांडणाऱ्याच्या पुढून जायचं नाही, मागून जायचं. तो पुढे चाललाय, म्हणजे त्याच्यामागची जागा मोकळी होत जाणार. एवढं साधं असून बहुतेक जण त्याच्या नाकासमोरून निसटतात, तो मध्येच थांबतो, आणि मागचा रिक्षावाला दोघांवर येतो.

रस्त्याच्या मधोमध अडकून उभी असलेली बाई परत मागं येऊ शकते हेही धरून चाला. नजरेला नजर द्या, हाताने ‘या’ करा, आणि तसं केलंत तर खरोखर थांबा. हाताने ‘या’ म्हणायचं आणि पाय पायडलवर चालू, असं नको.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांच्या (खांद्यावर पेलून नेायच्या सजवलेल्या काठ्यांच्या) मिरवणुकीच्या वाटेवर सायकल न्यायचीच नाही. सातही नंदीध्वज उंच आहेत, पेलणाऱ्यांची नजर वर असते, आणि माणसाला माणूस लागलेला असतो. लांब कुठंतरी लावून चालत जा.

## टप्पा ५: उजवीकडे वळणं

सायकलवाल्याबद्दल गाडीवाल्याची सर्वात मोठी तक्रार हीच: “कधी वळेल नेम नाही.” तक्रार खरी आहे. आपण वळतो, मग हात काढतो, आणि मागं बघतच नाही.

१. वळणाच्या साधारण ३० मीटर आधी उजव्या खांद्यावरून मागं बघा.

२. दोन्ही हात हँडलवर असतानाच वेग कमी करा. टप्पा १ मधला ब्रेकचा मुद्दा इथं कामाला येतो.

३. उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ, तळवा पुढे. पूर्ण ३ सेकंद. कोपर वाकवून बोटं हलवली तर मागच्याला वाटतं तुम्ही माशी हाकलताय.

४. हात परत हँडलवर. आणि पुन्हा मागं बघा. मागच्या गाडीने वेग खरंच कमी केला का? हात दाखवला म्हणजे हक्क मिळाला असं नसतं. त्याने वेग कमी केला नसेल तर तुम्ही सरळ जात राहा.

५. रस्त्याच्या मध्याकडे थोडं थोडं सरका. एका झटक्यात आडवं जाऊ नका.

६. समोरून येणारी गाडी जाऊ द्या, मग वळा. वळताना दोन्ही हात हँडलवर.

डावीकडे वळायला डावा हात सरळ बाहेर, एवढं पुरे. जुन्या नियमात उजवा हात गोल फिरवून डावं वळण दाखवायची खूण आहे. ती मोटार चालवणाऱ्यासाठी, त्याचा डावा हात बाहेरून दिसत नाही म्हणून. सायकलवर ती केली तर लोक तुम्हाला ओळखीचं समजून हात करतील. वेग कमी करतोय हे सांगायला उजवा हात बाहेर, तळवा खाली, दोनदा खाली-वर.

आता सात रस्ता चौक. नावातच सात आहेत. तिथं पाच नंबरची पायरी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात कुठल्या तोंडातून कोण येईल हे बघायला मानेला सात सांधे लागतील. माझा नियम सोपा आहे: मोठ्या चौकात उजवीकडे वळायचंच नाही. सरळ पलीकडे जायचं, डाव्या कडेला थांबायचं, उतरायचं, आणि पायी चालणाऱ्यांबरोबर सायकल ढकलत ओलांडायचं. वेळ लागतो दीड-दोन मिनिटं. नवख्याने, मूल मागं बसवलेल्याने आणि चाळिशी लागलेल्याने हीच पद्धत धरावी. मी तिन्हीत बसून झालोय.

> इशारा: वळण्याचा हात दाखवून झाल्यावर बेत बदलला, सरळ जायचं ठरलं, तर नुसतं सरळ जाऊ नका. मागचा तुम्हाला डावीकडून ओलांडायच्या तयारीत असतो. मागं बघा, हाताने ‘सरळ’ अशी खूण करा.

## टप्पा ६: सिग्नलला उभं राहणं

पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे थांबा. पट्ट्या ओलांडून पुढे जाऊन उभं राहिलं की चालणाऱ्यांना तुमच्या चाकाला वळसा घालून गाड्यांत शिरावं लागतं.

रांगेच्या डावीकडून घसरत पुढे जायची सवय आपल्याला हाडीमाशी आहे. मोटरसायकली असतील तर ठीक. ट्रक किंवा बस असेल तर तिच्या मागेच थांबा. डावीकडे वळताना लांब गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून, कोपऱ्याला घासून जातात, आणि तुम्ही नेमके तिथंच उभे असता. चालकाला तुम्ही दिसता का, याची एकच परीक्षा आहे: त्याच्या आरशात तुम्हाला त्याचं तोंड दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

हिरवा लागल्यावर पहिलं पायडल मारताना सायकल डगमगते. म्हणून सुटताना सरळ रेषा धरा, बाजूच्याला एक सेकंद आधी जाऊ द्या.

## टप्पा ७: एसटी, सिटी बस, रिक्षा

थांबलेल्या बसच्या डावीकडून जायचं नाही. दार तिकडे आहे, माणसं तिकडे उतरतात, आणि उतरणारी म्हातारी पायरीकडे बघत असते. दोनच पर्याय: मागं थांबा, किंवा मागं बघून, हात दाखवून उजवीकडून जा. उजवीकडून जाताना बसचा उजवा दिवा लुकलुकायला लागला, तर ती निघाली. तिला जाऊ द्या. पुढच्या थांब्यावर परत गाठाल, परत थांबाल, ती परत तुम्हाला ओलांडेल. या खेळात आजवर सायकल जिंकलेली मी पाहिली नाही. दहा सेकंद थांबून तिला पूर्ण पुढे जाऊ देणं बसचालकालाही बरं आणि आपल्या फुप्फुसांनाही.

रिक्षाचं कसं ओळखायचं? रिक्षाकडे बघू नका, कडेच्या माणसाकडे बघा. पुढे कुणी हात वर केलेला दिसला की तुमच्या उजवीकडची रिकामी रिक्षा आता डावीकडे कापणार. ती कापायच्या आधी तुम्ही पायडल थांबवलेलं असेल तर रिक्षावाला मान हलवून जातो. नसेल तर दोघंही एकमेकांच्या आई-वडिलांपर्यंत जातात. थांबलेल्या रिक्षाजवळून जाताना बाहेर आलेला पाय बघा. आधी पाय येतो, मग पिशवी, मग माणूस.

## टप्पा ८: उसाच्या ट्रॉल्या आणि महामार्ग

साधारण नोव्हेंबरपासून गळीत हंगाम संपेपर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या हे नेहमीचं चित्र. यांच्याशी वागायची पद्धत मोटारींपेक्षा निराळी आहे.

गाणी जोरात चालू असतात, ट्रॅक्टरचा आवाज वेगळा, त्यामुळे घंटी ऐकू जाणं अशक्य. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, ट्रॉलीच्या रुंदीवर विसंबू नका. मागची दुसरी ट्रॉली डोलते. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, असलाच तर धुळीने झाकलेला.

- ट्रॅक्टर मागून येत असेल तर रस्ता सोडून कच्च्यावर उतरा आणि थांबा. दोन्ही ट्रॉल्या गेल्याशिवाय परत चढू नका. पहिली गेली की चढणारे बरेच असतात.
- ट्रॅक्टर पुढे असेल तर किमान दोन ट्रॉल्यांएवढं अंतर ठेवा. ऊस खाली पडतो, आणि पडलेल्या कांड्यावरून पुढचं चाक गेलं की सायकल आडवी.
- मागच्या ट्रॉलीला धरून चढ चढायचा मोह आपल्या सगळ्यांना शाळेत असताना झालाय. तो शाळेतच सोडा.
- ओलांडायचंच असेल तर समोरचा रस्ता संपूर्ण रिकामा दिसला पाहिजे. ट्रॅक्टर धरून ही सगळी गाडी बसपेक्षा लांब असते, आणि तुमचा-त्याचा वेग जवळपास सारखाच.

विजापूर रोड, पुणे रोड, हैदराबाद रोडवर सेवा रस्ता असेल तिथं तोच धरा. जड ट्रक शेजारून गेला की हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. हँडल दोन्ही हातांनी धरा, त्या क्षणी इशारे करू नका. पाऊस पडून गेल्यावर शेतातून आलेल्या चाकांची काळी माती डांबरावर पसरते. त्यावर ब्रेक मारणं म्हणजे साबणावर मारणं. आधीच वेग कमी करा आणि सरळ पार व्हा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरा ते दुपारी चार सायकल बाजूला ठेवा. उन्हाने तुम्ही तर थकताच, पण त्या वेळी सगळ्याच रस्त्याचं डोकं तापलेलं असतं. एरवी हसून सोडणारा माणूसही काच खाली करतो.

## टप्पा ९: चौघं-पाचजण मिळून निघालात तर

हिप्परग्याच्या तलावाकडे सुट्टीच्या सकाळी टोळ्या जातात. एकामागं एक, मध्ये दोन सायकलींएवढं अंतर. शेजारी-शेजारी गप्पा चहाच्या टपरीवर. पुढच्याने ‘खड्डा’, मागच्याने ‘गाडी’ असं एकच शब्द ओरडायचं. फोटोसाठी थांबायचं तर सगळ्यांनी सायकली डांबराच्या बाहेर घ्यायच्या, मागचं चाकसुद्धा. चालणाऱ्या माणसाला पाचजण ओलांडताना पाच घंट्या वाजवू नका. पहिल्याने वाजवायची आणि सांगायचं, “काका, आम्ही पाचजण आहोत.” नाहीतर पहिला गेला की ते परत मध्ये येतात.

## टप्पा १०: चूक झालीच तर

तुमची चूक असेल तर हात वर करा आणि तोंडाने म्हणा, “चुकलं माझं.” कारण सांगू नका. कारण सांगायला सुरुवात झाली की भांडणाला सुरुवात होते. दूध सांडलं त्या दिवशी मी समोरच्या टपरीवरून दोन पिशव्या आणून दिल्या. आजोबांनी एकच घेतली, म्हणाले दुसरी फुटली नव्हती.

समोरच्याची चूक असेल आणि कुणाला लागलं नसेल तर जाऊ द्या. मोटरसायकलचा पाठलाग करून पुढच्या चौकात गाठणारे सायकलवाले असतात. गाठून करायचं काय, हे त्यांनाही माहीत नसतं.

धक्का लागून कुणी पडलं, तर आधी सायकल आणि माणूस दोघंही रस्त्याच्या कडेला. माणूस उठू शकत नसेल, डोक्याला लागलं असेल, मान दुखते म्हणत असेल तर मात्र त्याला हलवू नका. कुणालातरी मागच्या गाड्या थांबवायला उभं करा आणि १०८ ला फोन करा, पोलीस हवे असतील तर ११२ ला. आपली चूक असो वा नसो, रुग्णवाहिका येईपर्यंत तिथंच थांबा, नाव-नंबर द्या. डोळ्यांसमोर अंधारी, उलटी, डोकं जड, असं त्या माणसाला नंतर वाटलं तर लगेच दवाखान्यात जायला सांगून ठेवा. पडलेला माणूस लाजेने ‘काही नाही, काही नाही’ म्हणत उठतो आणि तासाभराने त्याला कळतं की काहीतरी आहे.

सगळं निपटल्यावर लगेच सायकलवर टांग टाकू नका. पुढचं चाक उचलून फिरवा, रबराला घासतं का बघा. दोन्ही ब्रेक एकेक करून दाबा. हँडल चाकाच्या रेषेत आहे का ते चाक पायांत धरून तपासा. हँडल वाकडं असेल तर घरापर्यंत ढकलत न्या.